बिऱ्हाड पाठीवर, नाव गावाचे
(मावळच्या इंदुरीकर फडाची वाटचाल)

तळेगाव दाभाडे सोडून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात इंद्रायणीकाठी इंदुरी येते. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या काळातली गढी या गावात आहे, गढीत कडजाई देवीचे मंदिर आहे, आणि जवळच तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर आहे. इतिहासाच्या पुस्तकात इंदुरीचा उल्लेख येतो तो दाभाड्यांमुळे. पण ज्यांनी मावळ कधी डोळ्यांनी पाहिला नाही, दाभाड्यांचा इतिहास वाचला नाही, त्यांच्या तोंडी हे नाव गेले ते तमाशामुळे. दादू इंदुरीकर या एका माणसाने गावाचे नाव आपले आडनाव केले आणि ते जत्रेजत्रेतून फिरवले.

आज ‘इंदुरीकर’ म्हटले की नव्या पिढीला कीर्तन आठवते. त्या कीर्तनकारांचे इंदुरी अकोले तालुक्यातले. आपले इंदुरी मावळातले, आणि इथला इंदुरीकर सोंगाड्या होता. दोघेही लोकांना हसवून शहाणे करणाऱ्या परंपरेतले आहेत, एवढे साम्य मात्र खरे.

स्मरणिकेत एखाद्या संस्थेचा इतिहास छापायचा म्हणजे स्थापनेची तारीख, घटना, नोंदणी क्रमांक आणि कार्यकारिणीची यादी हवी असते. तमाशाच्या फडाला यातले काही नसते. त्याला इमारत नाही, दप्तर नाही आणि कायमचे सभासदही नाहीत. दर दसऱ्याला निम्मे लोक नवे असतात. ढोलकीवाला शेजारच्या फडात जातो, नाचणारी दुसऱ्या मालकाची उचल घेते, सरदाराचे काम करणारा आपला स्वतःचा फड काढतो. तरीही फड चालतो, त्याचे नाव टिकते, आणि गावकरी त्याच नावाला सुपारी देतात. अशी संस्था टिकते कशावर, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

घाटवाट आणि गिरणगाव

मावळ हा वाटेवरचा मुलूख आहे. कोकणातून देशावर चढणारी कितीतरी माणसे खंडाळ्याच्या घाटातून याच मुलखात पाऊल ठेवत आली. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून आली. त्यामुळे मुंबई मावळच्या माणसाच्या हाताशी आली. पोटासाठी इथली माणसे घाट उतरू लागली. काही गिरण्यांत लागली, काही गोदीत, आणि मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी मुंबईचे डबे पोचवायचे काम धरले.

मावळचे पाणीही मुंबईला गेले. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे टाटांनी तलाव बांधले, ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडले आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आपल्या तलावांच्या पाण्यावर चालणाऱ्या मागांपुढे आपलीच माणसे उभी होती. पाळी सुटली की हीच माणसे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहायला जात. पुण्यात त्यांच्यासाठी गणेश पेठेतले आर्यभूषण थिएटर होते. तमाशाला शहरात जो प्रेक्षक मिळाला तो असा गावाहून आलेला, घरापासून तुटलेला आणि पगारातले चार पैसे गाण्यावर उडवायला तयार असलेला होता.

चैत्रात मात्र हा माणूस मुंबईत राहत नाही. डबेवाले आजही गावच्या जत्रांसाठी काही दिवस काम बंद ठेवतात, आणि मुंबईचे कचेरीवाले तेवढे दिवस घरच्या डब्याविना काढतात. वेहेरगावच्या गडावर एकवीरेची यात्रा याच महिन्यात भरते. वडगावला पोटोबा महाराजांचा उत्सव होतो, तळेगावला डोळसनाथांचा. रात्री देवाचा छबिना निघतो, मग तमाशा उभा राहतो, सकाळी हजेऱ्या होतात आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. बैलगाड्यांचा घाट असेल तर उरलेला दिवस तिथे जातो. जत्रेचे हे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे त्याला मावळात तमाशा का रुजला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वगाची परंपरा

दादूंच्या आधी तमाशाने मोठी वाट चालली होती. शाहिरांच्या लावणी-पोवाड्याला कथानकाची जोड मिळाली ती सावळजच्या उमा बाबाजींच्या ‘मोहना बटाव’ या वगाने. हा वग १८६५ मधला. त्यानंतर तमाशाचा उत्तरार्ध म्हणजे वग हे ठरून गेले. रेठरे हरणाक्ष इथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात मागे टाकून फडात उतरले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळाबाई हिवरगावकर यांच्यासह त्यांनी तमाशा मुंबईत गाजवला. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला भाऊ आणि बापू मांग या भावांचा फड उभा राहिला. पुढे भाऊंची मुलगी विठाबाई यांनी तो सगळ्या महाराष्ट्रात नेला. कवलापूरला शिवा-संभा होते, आणि मागून त्याच घरातले काळू-बाळू हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ घेऊन आले.

या नावांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नारायणगावकर, हिवरगावकर, कवलापूरकर, खेडकर, सातारकर, शिरोलीकर, धवळपुरीकर, शिवणेकर, इंदुरीकर. तमाशाच्या पाटीवर घराण्याचे आडनाव क्वचितच येते, येते ते गाव. यातल्या बहुसंख्य माणसांना त्यांच्या गावाने वेशीबाहेरच्या वस्तीत ठेवले होते. देवळात प्रवेश नव्हता, पंगतीत पान नव्हते. त्या माणसांनी गावाचेच नाव आपल्या नावापुढे लावले आणि त्याला कीर्ती मिळवून दिली. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात गावावर केलेले एवढे मोठे उपकार दुसऱ्या कोणी केलेले मला माहीत नाहीत.

फड उभा राहतो तेव्हा

रंगमंचावर आधी वाद्ये येतात. ढोलकी आणि हलगी एकमेकींशी झुंजू लागतात, कडे आणि तुणतुणे त्यांना धरून ठेवतात. पाच-दहा मिनिटांत मैदानाच्या टोकाला चहा पिणारा माणूसही कपात अर्धा चहा ठेवून पुढे येतो. मग सगळे कलावंत मिळून गण गातात. गणानंतर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशीचे काम पुरुष करतो आणि पहिला मोठा हशा त्याचाच असतो. त्यानंतर बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग. पूर्वी वग मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होई, तो संपताना तांबडे फुटत असे आणि मुजरा होईपर्यंत लोक जागचे हलत नसत.

या खेळाची खरी कसोटी वगात असते. वगाला पुष्कळदा छापील संहिता नसते. मालक किंवा जुना कलावंत नव्या माणसाला गोष्ट सांगतो. इथे राजा येतो, इथे प्रधान त्याला खोटे सांगतो, इथे तू रडायचे, इथे तुझे गाणे. बोलायचे काय ते ज्याचे त्याने उभे राहून बोलायचे. समोरचा नट आज एक बोलला, उद्या दुसरे बोलेल, त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. गावातल्या पाटलाचे नाव, कालचा पाऊस, कांद्याचा भाव, निवडणुकीतला घोळ, सगळे वगात येते. म्हणूनच फडात माणूस बदलला तरी वग अडत नाही. नवा माणूस तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगू लागतो.

संस्था टिकते कशावर, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. वग माणसांच्या तोंडी राहतो आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, त्यामुळे एखादा कलावंत गेला म्हणून तो संपत नाही.

दसऱ्याची भरती

उरलेले अर्धे उत्तर फडाच्या अर्थकारणात आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. पूर्ण वेळ चालणारे फड हे सात महिने सलग फिरतात, हंगामी फड जत्रांच्या तोंडावर बाहेर पडतात. फडमालक हंगामाआधीच कलावंतांना उचल देतो. त्या उचलीवर पावसाळ्यात घर चालते, लग्न होते, आजारपण निघते. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या मालकाचा. ती फिटली की तो मोकळा, आणि दुसऱ्या मालकाने जास्त उचल दिली तर पुढच्या दसऱ्याला त्याच्या फडात. मालक स्वतःही कर्ज काढूनच उचली वाटतो. पाऊस कमी झाला, गावाची वर्गणी जमली नाही, एखादी निवडणूक मध्ये आली, तर मालकाचा हंगाम बुडतो आणि पुढच्या वर्षी फडाची माणसे पांगतात.

चैत्राच्या तोंडावर नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, पाट्या पाहतात, कोणाकडे यंदा कोण आहे याची चौकशी करतात, आणि घासाघीस करून सुपारी देतात. ‘ढोलकी कोणाची?’, ‘सोंगाड्या तोच आहे ना?’ हे प्रश्न तिथे हमखास ऐकू येतात. माणसे फिरती असतात हे गावाला पक्के ठाऊक असते. तरी शेवटी सुपारी फडाच्या नावालाच जाते.

मग सुरू होतो प्रवास. पूर्वी तो बैलगाड्यांनी होई, नंतर ट्रकने. रात्री एका गावी खेळ, पहाटे कनात उतरवायची, तंबूचे खांब, पेट्या, चुली आणि पोरेबाळे गाडीत घालायची आणि दुपारपर्यंत पुढचे गाव गाठायचे. झोप मिळेल ती गाडीतच. स्त्री कलावंतांचे हाल याहून जास्त. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. तेव्हा प्रेक्षकांनीच त्यांना हात जोडून थांबवले. हा प्रसंग तमाशाच्या जगात आजही सांगितला जातो. तो ऐकून आपण त्यांच्या धैर्याचे कौतुक करतो, पण बाळंतिणीला एक रात्र सुट्टी न देणारा तो हंगामही आपण लक्षात ठेवला पाहिजे.

अशी फिरती मंडळी इतरत्रही झाली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, १९७४ मध्ये रामोन्स नावाचा एक बँड निघाला. पंक म्हणून जे गाणे पुढे जगभर पसरले त्याच्या मूळ पुरुषांत तो मोजला जातो. तीन-चार साधी वाद्ये, मोठा आवाज, लहान गाणी आणि बोलण्यात कसली भीड नाही. एका गाडीत बसून त्यांनी २२ वर्षांत २,२६३ कार्यक्रम केले. वादक येत-जात राहिले, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दोघेच टिकले. पण जो आत आला त्याने स्वतःचे आडनाव सोडून ‘रामोन’ हे नाव लावले. शहरातल्या आपल्या मुलांना या बँडची माहिती असते आणि त्याचे त्यांना अप्रूपही असते. त्यांना सांगावेसे वाटते की सतत फिरणारी, माणसे बदलणारी आणि एका नावाखाली उभी राहणारी अशी मंडळी त्यांच्या आजोबांच्या गावजत्रेत दरवर्षी येत होती. बँडला वर्षाला सरासरी शंभर कार्यक्रम पडले. आपल्याकडचा फड तेवढे एका हंगामात करीत असे, तेही रात्र-रात्रभर.

बंदीचा काळ

दादूंचा जन्म मार्च १९२८ मधला. मूळ नाव गजानन राघू सरोदे. ते विशीत होते तेव्हा तमाशावर मोठे संकट आले. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांचे पोट त्यावर होते. कलावंतांनी दाद मागितली, आणि सरकारने इतिहासकार दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तमाशा बंद करण्यापेक्षा तो तपासून परवानगी द्यावी अशी वाट पुढे निघाली. वग आणि गाणी सरकारी मंडळाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत सुरू झाली.

ज्या कलेचा प्राण ऐन वेळेच्या बोलण्यात आहे तिला कागदावर लिहून मंजुरी घ्यायला लावणे ही मोठी अडचण होती. पण यातून एक गोष्ट साधली. वगाला लिहिणारा माणूस हवा झाला, गोष्टीला बांधेसूदपणा आला, आणि नुसत्या नाचावर चालणाऱ्या फडांपेक्षा वगावर चालणाऱ्या फडांना मान मिळू लागला. दादू इंदुरीकर हे त्या काळातून वर आलेले कलावंत आहेत. त्यांचे बळ सोंगाड्याच्या कामात होते, आणि सोंगाड्याला वग लागतो.

गाढवाचं लग्न

हरिभाऊ वडगावकरांचा ‘गाढवाचं लग्न’ हा वग दादूंच्या हाती आला आणि पुढे त्या दोन नावांची फारकत झाली नाही. गोष्ट जुनी, लोककथेतली. स्वर्गातल्या एका गंधर्वाला शाप मिळतो आणि तो पृथ्वीवर गाढव होऊन येतो. ते गाढव सावळ्या कुंभाराच्या दारी लागते. एके दिवशी ते माणसासारखे बोलू लागते आणि राजाच्या मुलीशी आपले लग्न लावून दे म्हणून मालकाच्या मागे लागते. सावळ्याचा जीव टांगणीला. घरात बायको गंगी तोंड सोडते, बाहेर राजाचे शिपाई, आणि गोठ्यात हट्टी गाढव.

सावळ्या दादू करीत, गंगी प्रभा शिवणेकर. या जोडीने हा वग गाजवला. सावळ्या हा गरीब, भोळा, पण वेळ आली की राजालाही दोन शब्द सुनावणारा कुंभार. दादूंनी त्याला मावळी बोली दिली. चालता चालता सुचलेले वाक्य, समोरच्या नटाला दिलेली हुलकावणी, प्रेक्षकातल्या एखाद्याला दिलेले उत्तर, यांमुळे वग रोज नवा होई. आज पाहिलेला प्रयोग उद्या पुन्हा पाहायला माणसे येत, कारण उद्याचा सावळ्या वेगळे बोलणार हे त्यांना ठाऊक असे. पण गोष्टीचा धागा त्यांनी सुटू दिला नाही. सोंगाड्याला हसे मिळू लागले की तो वाहवत जातो. हसवूनही वग वेळेवर ठिकाणावर आणणारा सोंगाड्या मोठा, आणि दादूंना लोकांनी ‘वगसम्राट’ म्हटले ते याच मोठेपणासाठी.

या वगात मावळच्या माणसाने स्वतःला पाहिले असे मला वाटते. कुंभार, त्याचे गाढव, चिखल, भट्टी, बायकोची कटकट, सरकारी माणसाचा धाक, हे सगळे त्याच्या अंगणातले. वर स्वर्गातला गंधर्व आणि राजमहाल. भंडाऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला देव आणि माणूस एकाच वाटेवर भेटतात याचे नवल वाटत नाही. कीर्तनकाराने हीच गोष्ट सांगितली असती तर तिचा शेवट अभंगाने झाला असता. दादूंनी ती हशाने सांगितली.

शहराने घेतलेली दखल

साठच्या दशकात शहरी रंगभूमीने तमाशाकडे नव्याने पाहिले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादा कोंडके घराघरांत पोचवले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर असे नट पुढे आले होते आणि त्यांनी वगनाट्य नाट्यगृहात रुजवले. त्याआधी १९५९ मध्ये अनंत मानेंच्या ‘सांगत्ये ऐका’ने तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालवून दाखवला होता. या लाटेत एक धोका होता. शहराने तमाशाचा बाज घेतला आणि मूळ तमाशावाल्याला जत्रेतच सोडले असे होऊ शकले असते, आणि पुष्कळ फडांच्या बाबतीत ते झालेही.

दादू मात्र स्वतःचा वग घेऊन शहरात उभे राहिले. ज्यांनी कधी कनातीत पाऊल टाकले नव्हते अशा पांढरपेशा प्रेक्षकाने ‘गाढवाचं लग्न’ नाट्यगृहात पाहिले. १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीने तमाशासाठी त्यांना पुरस्कार दिला. ज्या कलेवर पंचवीस वर्षांपूर्वी सरकारने बंदी घातली होती त्याच कलेसाठी इंदुरीच्या सोंगाड्याला देशाच्या अकादमीने बोलावून सन्मान केला. मावळाने या घटनेचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा बाळगलेला नाही.

१३ जून १९८० रोजी दादू इंदुरीकर गेले. वय अवघे ५२. जून म्हणजे फडांच्या विश्रांतीचे दिवस. कनाती गुंडाळलेल्या असतात, मावळात भाताची रोपे टाकायची लगबग असते, आणि पुढच्या दसऱ्याला कोण कुठल्या फडात जाणार याच्या बोलण्या सुरू व्हायच्या असतात.

नाव उरले, वग चालला

मालक गेला की फड मोडतो असा तमाशातला अनुभव आहे. पण वग मोडत नाही, हाही अनुभवच आहे. ‘गाढवाचं लग्न’ दादूंमागे थांबले नाही. प्रकाश इनामदार यांनी सावळ्या आणि जयमाला इनामदार यांनी गंगी उभी करून तो वग पुढे वर्षानुवर्षे रंगमंचावर ठेवला. २००७ मध्ये त्याचा चित्रपट आला आणि मकरंद अनासपुरे सावळ्या झाले. प्रत्येकाचा सावळ्या वेगळा. ज्यांनी दादूंना पाहिले नाही अशा दोन पिढ्यांना सावळ्या कुंभार ठाऊक आहे. फडातल्या माणसाची जागा दुसरा घेतो आणि खेळ पुढे जातो, हा फडाचाच नियम दादूंच्या वगालाही लागू झाला.

आजूबाजूच्या फडांनीही तेच केले. तुकाराम खेडकरांमागे कांताबाई सातारकर यांनी मुलांना घेऊन फड सांभाळला. राज्य सरकारने विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. २००२ मध्ये विठाबाई गेल्या; त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही आपला स्वतंत्र फड चालवला. ज्या घरांना समाजाने प्रतिष्ठा दिली नाही त्या घरांतल्या बायकांनी ही संस्था तोलून धरली, हे इतिहास लिहिताना ठळकपणे नोंदवले पाहिजे.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम आला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. झोपणाऱ्याच्या हक्काचा तो नियम आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा फटका वगाला बसला. गण, गौळण आणि लावण्या होईपर्यंत दहा वाजतात. मग वग कापला जातो किंवा गळूनच जातो, आणि तमाशा म्हणजे नुसती गाणी असा नव्या प्रेक्षकाचा समज होतो. सिनेमाची गाणी आणि डीजे यांनी उरलेली जागा व्यापली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत. उचली अंगावर राहिल्या, ट्रक दारात उभे राहिले, आणि ढोलकीवर हात असलेली माणसे मिळेल त्या मजुरीला गेली. फडाला माणसे बदललेली चालतात, पण खेळ थांबलेला चालत नाही. वग माणसांच्या तोंडी राहतो असे वर म्हटले, त्याची दुसरी बाजू ही आहे. जो वग दोन-चार हंगाम बोर्डावर आला नाही तो तोंडातूनही जातो.

मावळकरांना विनंती

आपल्या तालुक्याला एका गोष्टीचा अनुभव आहे. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे शेतकरी स्वस्थ बसले नाहीत. आंदोलने झाली, विधिमंडळात कायदा झाला, न्यायालयात खटला चालला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये घाट पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जत्रेतल्या बैलासाठी आपण एवढे केले. त्याच जत्रेतल्या सोंगाड्यासाठी त्याच्या चौथाईने केले तरी पुरे आहे.

मार्च २०२८ मध्ये दादू इंदुरीकरांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील. तोवर प्रत्येक गावाने तीन गोष्टी कराव्यात अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती आहे. पहिली, जत्रेचा तमाशा संध्याकाळी लवकर उभा करावा आणि पंचांनी सुपारी देतानाच पूर्ण वगाची अट घालावी. दुसरी, घरातल्या जुन्या पेटीत तमाशाच्या पाट्या, जाहिराती, छायाचित्रे, जत्रेच्या वर्गणीच्या वह्या असतील तर त्या रद्दीत न घालता शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. तिसरी, ज्यांनी दादूंचा सावळ्या जत्रेत पाहिला ती माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांना आठवेल ते बोलते करावे आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे. दादूंचा वग कागदापेक्षा माणसांच्या आठवणीत अधिक आहे, आणि ती माणसे अजून आपल्यात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.